भाकरी आणि सुई यांचा मेळ

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केडगाव येथे दिलेले व्याख्यान. छापताना बोलण्यातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



मंडळाच्या चिटणिसांनी मला प्रथम जो विषय दिला होता तो ‘समाजाची शैक्षणिक प्रगती’ हा होता. त्या विषयावर मी याच व्यासपीठावरून यापूर्वी दोनदा बोललो आहे, आणि दोन्ही वेळा आपण जे सौजन्य दाखविलेत त्याची तिसऱ्यांदा परीक्षा पाहणे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून मी त्यांच्याकडून विषय बदलून घेतला. मधुमेहावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. मी वैद्य नाही. पस्तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकविले, आणि पचनक्रियेचा धडा तर मला तोंडपाठ होता. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या स्वयंपाकघरातील वजनकाट्याने त्या धड्याविषयी मला जे शिकविले, ते पस्तीस वर्षांत माझ्या ध्यानी आले नव्हते. तेवढाच माझा अधिकार.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत आपल्या देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचे अनुमान आहे. ही संख्या ऐकून आपण चकित होत नाही, कारण ती आपण आपल्याच घरी पाहात असतो. या मंडपात असे कुटुंब क्वचितच असेल की ज्यात कोणी बिनसाखरेचा चहा मागत नाही. रोग परिचयाचा झाला आहे. परिचयाचे झाले नाही ते इन्सुलिन. गोळी आपण पाण्याबरोबर गिळतो आणि विसरतो. सुई मात्र विसरू देत नाही. ती घेतली की जेवणाचे घड्याळ, ताटातील भाकरी, उपवास, लग्नकार्ये, सगळ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. तो हिशेब आमच्या घराने कसा चुकत चुकत मांडला, एवढेच आज मी सांगणार आहे.

आमच्या सौ.ना मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली. त्यांपैकी बारा वर्षे गोळ्यांवर निभावली. दोन वर्षांपूर्वी मागील तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी जी तपासणी असते, जिला डॉक्टर एचबीए-वन-सी म्हणतात, ती अकरावर गेली. सात किंवा त्याच्या आसपास ती असावी असा सर्वसाधारण संकेत आहे. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करावयास सांगितले, आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरली. दुसऱ्या दिवशी माझ्या मेहुणीबाई भेटावयास आल्या त्या डोळ्यांना पदर लावूनच. “सुईपर्यंत गेलं म्हणजे राहिलं काय?” असा त्यांचा प्रश्न होता.

या समजुतीचे मूळ असे असावे की आपल्याकडे इन्सुलिन फार उशिरा सुरू करतात. डोळे, मूत्रपिंडे, पाय यांची हानी होऊन गेल्यावर सुई येते. मग त्या हानीचा दोष सुईच्या माथी बसतो. वस्तुतः इन्सुलिन हे व्यसन लावणारे औषध नव्हे. स्वादुपिंड जो रस रोज रक्तात सोडते आणि ज्याची आता तूट पडली आहे, तोच रस बाहेरून देणे एवढाच त्याचा अर्थ.

त्याचे कार्य समजण्यासाठी आपल्या जिल्ह्यातील माणसास शरीरशास्त्राचे पुस्तक नको. पाटाला पाणी येते आणि कोणी तरी रात्री खांद्यावर फावडे टाकून दारे धरावयास जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अन्नातील पिष्ट पदार्थांची साखर होऊन ती रक्तात उतरते, हे पाटाचे पाणी. शरीरातील लक्षावधी पेशी हे वाफे. इन्सुलिन हा दारे धरणारा गडी. गडीच आला नाही, तर पाट भरून वाहातो आणि वाफे कोरडे राहातात. मधुमेहात रक्तात साखर असूनही माणूस थकतो व वाळतो तो यामुळेच. परंतु गडी पुष्कळ आले आणि पाटाला पाणीच नसले, तर पाट तळापर्यंत आटतो. पहिली अवस्था वर्षानुवर्षे हळूहळू शरीर पोखरते. दुसरी अर्ध्या तासात माणसाला भुईवर आडवे करते. इन्सुलिन घेणाऱ्याने या दोहोंच्या मधून वाट काढावयाची असते.

आमच्या घरची पहिली चूक ही की आम्ही एकाच बाजूचे भय बाळगले. सौ.चे म्हणणे असे, “अहो, साखर वाढते ती खाण्यानं. मग खाणंच कमी केलं की झालं.” हा युक्तिवाद ऐकावयास निर्दोष वाटतो. त्यांनी रात्रीची दीड भाकरी अर्ध्यावर आणली. सुई मात्र डॉक्टरांनी दीड भाकरीच्या अंदाजाने सांगितली होती ती तशीच राहिली. आठवड्याच्या आत एका रात्री दोन वाजता त्या घामाने निथळत उठल्या आणि मला आमच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारू लागल्या. नातवाने यंत्रावर साखर पाहिली, ती ५२ होती. ७० च्या खाली गेलेली साखर धोक्याची समजतात. साखरपाणी देऊन वेळ निभावली. परंतु त्या रात्री घरात कोणी पुन्हा झोपले नाही.

उपाशी राहून मधुमेह जिंकण्याची ही कल्पना आमच्या सौ.चीच आहे असे नव्हे. शंभर वर्षांपूर्वी ती जगातील सर्वमान्य चिकित्सा होती. इन्सुलिन उपलब्ध होण्यापूर्वी न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेडरिक ॲलन हे मधुमेही मुलांना मरणाच्या काठावर राहतील इतक्याच अन्नावर जगवीत असत. यात क्रौर्य नव्हते. दुसरा मार्ग नव्हता. त्यांची एक रुग्ण एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या. अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला, आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये, पंधरावे वर्ष पुरे होत असता, तिचे वजन अवघे वीस किलोच्या आसपास उरले होते. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९२१ साली, कॅनडातील टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले होते. प्रा. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत हे काम झाले. १९२२ च्या ११ जानेवारीस लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास पहिली सुई दिली, ती साधली नाही. मग जेम्स कॉलिप यांनी तो अर्क अधिक शुद्ध केला, आणि २३ जानेवारीस दिलेल्या सुईने मुलाची साखर उतरली. एलिझाबेथही इन्सुलिनवर आली, भरपूर जेवू लागली, मोठी झाली, तिने संसार केला आणि ती १९८१ पर्यंत जगली. तिची आणखी एक गोष्ट मी पुढे सांगणार आहे.

मला या इतिहासात जे महत्त्वाचे वाटते ते हे की इन्सुलिन आले ते माणसाचे अन्न तोडण्यासाठी नव्हे, त्याला ते परत देण्यासाठी आले. मात्र ते मोजून द्यावे लागते. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स हे स्वतःच मधुमेही होते. मरावयाचेच आहे तर घरच्यांच्या डोळ्यांदेखत नको, म्हणून ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. १९२३ साली इन्सुलिन मिळाल्याची वार्ता पोहोचताच ते परतले आणि पुढे पंचेचाळीस वर्षे जगले. त्यांनी रुग्णांसाठी अशी एक सोपी पद्धत बसविली की कोणत्या पदार्थाच्या किती वजनात सारखेच पिष्ट असते हे कळावे, आणि एक वगळून दुसरा तेवढाच घेता यावा. ब्रेड आणि बटाटा यांचा जो हिशेब त्यांनी मांडला, तोच आम्ही भाकरीचा मांडला.

त्याची सुरुवात आमच्या सूनबाईंनी केली. डॉक्टर विचारीत, “किती भाकरी खाता?” आणि आम्ही म्हणत असू, “दोन.” एके दिवशी सूनबाईंनी थापण्यापूर्वी पीठ काट्यावर घातले. एका भाकरीचे ७० ग्रॅम भरले. तिची आई, जी श्रीरामपूरकडील, ती म्हणाली की आमच्याकडे एवढ्यात दोन होतात. आता पाहा, डॉक्टरांच्या मनातील दोन भाकरी आणि आमच्या परातीतील दोन भाकरी यांत केवढे अंतर! ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात स्थूलमानाने ७० ग्रॅम पिष्ट असते. म्हणजे आमची एक भाकरी जवळजवळ ५० ग्रॅमची झाली. ‘चपाती सोडा, भाकरी हवी तेवढी खा’ असा सल्ला गावोगाव दिला जातो. भाकरीत चोथा अधिक, ती सावकाश पचते, हे खरे. म्हणून ती चांगली. परंतु ज्वारी, बाजरी आणि गहू यांतील पिष्टाचे प्रमाण फारसे भिन्न नाही, आणि तांदळाचे थोडे अधिक. भाकरीची गणना सुटत नाही. गुळाविषयी तर बोलावयासच नको. ज्या जिल्ह्यात प्रवरेकाठी सहकारी साखर कारखानदारी जन्मास आली, त्या जिल्ह्यात मी साखरेविरुद्ध बोलणे हे धाडसच. तथापि ‘साखर वाईट आणि गूळ चालतो’ हे म्हणणे रक्ताला पटत नाही, एवढे सांगितलेच पाहिजे.

आता आमच्या घरी पीठ मोजण्याची एक वाटी ठरलेली आहे. ती पन्नास ग्रॅमची आहे. दुपारी तशा दोन भाकऱ्या, रात्री दीड, सोबत मटकीची वा हुलग्याची उसळ, पालेभाजी, काकडी, ताक. ताट रिकामे दिसत नाही. रोज तेवढेच, रोज त्याच वेळी. मग सुईचा डोस ठरविणे डॉक्टरांना सोपे जाते. ज्याचे जेवण एके दिवशी चार भाकरी आणि दुसऱ्या दिवशी एक, त्याचा डोस ब्रह्मदेवालाही ठरविता यावयाचा नाही.

येथे आमच्या दुसऱ्या चुकीची कथा सांगतो, कारण तीत भाकरीचा काही अपराध नव्हता आणि शिक्षा मात्र तिलाच झाली. सौ.ना सकाळी १६ व रात्री १० युनिट असा डोस होता. (हे आकडे आमच्या घरचे, कृपा करून कोणी उचलू नयेत.) एकदा सिरिंज संपल्या आणि मुलाने येताना नव्या आणल्या. त्या दिवसापासून साखर जी चढू लागली ती आठ दिवस उतरेना. आम्ही भाकरी अर्धी केली, ताक बंद केले, सूनबाईंवर पिठाच्या मापाचा संशय घेतला. नवव्या दिवशी माझ्या ध्यानात आले की जुन्या सिरिंजचे टोपण लाल होते, नव्यांचे नारिंगी आहे. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या प्रमाणाचे असते. त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. नारिंगी सिरिंजवर १६ च्या रेषेपर्यंत औषध ओढले की ते ०.१६ मिलिलिटर भरते. ४० च्या बाटलीतून तेवढे घेतले तर त्यात अवघे साडेसहा युनिटही नसतात. आमची चूक कमी डोसाची होती म्हणून निभावली. उलट झाले असते, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर १६ च्या जागी ४० युनिट शरीरात गेले असते. पस्तीस वर्षे मुलांना त्रैराशिक शिकविणाऱ्या मास्तराच्या घरी हे घडले! बाटलीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा दर वेळी एकमेकांशी ताडून पाहावा, ही विनंती मी हात जोडून करतो.

सुईविषयी आणखी दोनचार गोष्टी घाईने सांगून टाकतो. एकाच जागी रोज टोचू नये, तेथे गाठ धरते आणि औषध नीट शोषले जात नाही; पोटावर व मांडीवर जागा बदलत जावे. गढूळ दिसणारे इन्सुलिन घेण्यापूर्वी बाटली तळहातांमध्ये हलके घोळवावी, खडखडा हलवू नये. बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले इन्सुलिन वाया गेले. आपल्याकडील वैशाखात ती मोटारीच्या काचेमागे विसरली तरी तीच गत होते. फ्रीज नसल्यास ओल्या मातीच्या माठाच्या गारव्यात, पाणी लागणार नाही अशा बेताने, ती बंद डब्यात ठेवण्याची रीत डॉक्टर सांगतात.

आता नवरात्राची हकीकत. आपणांपैकी बहुतेकांची कुलदेवता कोणती हे मला ठाऊक नाही. परंतु केडगावात राहाणाऱ्याला रेणुकामाता ही घरचीच. नवरात्रात पहाटेपासून दर्शनाची रांग लागते. आमच्या सौ. सासरी आल्यापासून नऊ दिवस निरंकार उपवास करीत, केवळ रात्री फलाहार. इन्सुलिन सुरू झाल्यावरचे पहिले नवरात्र आले, तेव्हा माझ्या मनात शंका आली होती. मी बोललो नाही. घरातील स्त्रीच्या उपवासाविषयी पुरुषाने बोलू नये असा आपल्याकडे एक सोयीस्कर शिष्टाचार आहे, त्याचा मी आश्रय घेतला. त्यांनी उपवास धरला आणि औषध चुकवू नये असे डॉक्टरांनी बजावले होते म्हणून सुईही घेतली. दोन्ही आज्ञा पाळल्या. सकाळी सहाला सुई, आणि साडेसहाला रांगेत.

त्यांचे इन्सुलिन मिश्र स्वरूपाचे. त्यात तीस भाग लवकर काम करणारे आणि सत्तर भाग सावकाश चालणारे. लवकरचा भाग अर्ध्या तासात कामाला लागतो आणि दोन-तीन तासांत त्याचा जोर पुरा होतो; सावकाशचा भाग दुपारच्या जेवणाला पुरावा असा असतो. म्हणजे दारे धरणारे गडी वेळेवर हजर झाले होते आणि पाटाला थेंब नव्हता. आठच्या सुमारास सौ.चे हात थरथरू लागले. घाम सुटला. शेजारच्या बायकांना वाटले की अंगात आले. एकीने तर पुढे होऊन त्यांच्या पायांना हात लावला. थोड्या वेळाने त्या खाली बसल्या आणि त्यांना बोलता येईना.

मी पुरुषांच्या रांगेत होतो. मला कळले तेव्हा भोवती गर्दी जमली होती. कोणी खडीसाखरेचा खडा त्यांच्या तोंडात घालू पाहात होते. हेतू चांगला, परंतु खडा सावकाश विरघळतो आणि अर्धवट शुद्धीतील माणसाच्या घशात अडकू शकतो. एका चहावाल्याने शहाणपण दाखविले. त्याने पेल्यात तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून आणली आणि सौ. अजून गिळू शकतात हे पाहून ती घोट घोट पाजली. त्याची आई इन्सुलिनवर होती, असे त्याने मागाहून सांगितले. पंधरा मिनिटांनी सौ.नी डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न केला तो असा की, “माझा उपास मोडला का?”

मंडळी, या प्रश्नाला मी त्या वेळी उत्तर देऊ शकलो नाही. उपवासाची चेष्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. त्यांच्या या नवसामागे आमच्या धाकट्या मुलाचे लहानपणचे एक मोठे दुखणे आहे, ते मला विसरता येत नाही. परंतु डॉक्टरांना आम्ही नवरात्राविषयी एक अक्षरही सांगितले नव्हते. ते रागावतील म्हणून. पुढच्या वर्षी सांगितले, आणि ते रागावले नाहीत. नऊ दिवस नको, घट बसतात त्या दिवशी आणि उठतात त्या दिवशी करा, निरंकार करू नका, भगर किती वाट्या खाणार ते आधी सांगा, त्याप्रमाणे त्या दोन दिवसांचा डोस मी कमी करून देतो, साखर दिवसातून चार वेळा पाहा आणि ७० च्या खाली गेली की त्या क्षणी उपवास सोडा, असे त्यांनी लिहून दिले. गेल्या वर्षी ते तसेच पार पडले.

उपवासाची दुसरी बाजूही आहे, ती ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीत आपल्या पूर्वजांनीच सांगून ठेवली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून अधिक. त्यात बटाटा. बशीभर खिचडी ही आमच्या भाकरीपेक्षा भारी पडते आणि ती भाकरीहून लवकर रक्तात उतरते. ‘आज काही खाल्ले नाही, फक्त खिचडी’ असे म्हणून जो सायंकाळी साखर तपासतो, तो यंत्र बिघडले असे समजतो.

साखर उतरल्याची लक्षणे घरातील प्रत्येकास, पोराबाळांससुद्धा, पाठ असावीत: घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी कडकडून भूक, विसंगत बोलणे, विनाकारण चिडणे. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, उतरलेलीच असल्यास पुन्हा तेवढेच द्यावे, आणि मग भाकरी वा पोळी खाऊ घालावी, नाही तर ती पुन्हा घसरते. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नये. कुशीवर निजवून तत्काळ दवाखाना गाठावा. सौ.च्या पिशवीत आता कुंकवाच्या करंड्याशेजारी ग्लुकोजची पुडी असते.

यानंतरची गोष्ट माझ्या घरची नाही, पण आपल्या सर्वांच्या घरची आहे. नाव-गाव मी सांगणार नाही आणि कोणी तर्कही करू नये. आपल्याच समाजातील एका विवाहाला आम्ही गेलो होतो. तेथे एक उपवर मुलगी होती. तिला लहानपणापासून पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. या प्रकारात स्वादुपिंडातील इन्सुलिन जवळजवळ नाहीसेच होते. म्हणून सुई हा तिचा प्राणवायू आहे. ती एक दिवस जरी बंद केली तरी जीव धोक्यात येतो, मग कोणी कितीही खात्रीचा काढा देवो. हे तिच्या आईवडिलांना पुरते ठाऊक आहे. परंतु सोयरिकी जुळेनात म्हणून त्यांनी ही गोष्ट समाजापासून लपविली होती. पाने मांडल्याची हाक आली तशी मुलगी आतल्या खोलीत गेली, दार लावून तिने सुई घेतली आणि पंक्तीला येऊन बसली. इतक्यात मान्यवरांचे सत्कार राहिले असल्याचे कोणाच्या तरी ध्यानात आले. शाली आल्या, नारळ आले, चार वक्ते बोलले. त्यांतला एक मी होतो. वाढप पाऊण तास थांबले. मुलीच्या पुढ्यात रिकामे पान, आणि आपण काही मागून घेतले तर लोक विचारतील हे भय. ती पंक्तीतच कोसळली. आमच्या सौ.नी तिचा चेहरा पाहून ओळखले म्हणून पुढचे टळले.

एलिझाबेथ ह्यूजची दुसरी गोष्ट सांगतो म्हणालो होतो ती हीच. इन्सुलिनने जिला जगविले त्या एलिझाबेथने जन्मभर आपला आजार बहुतेकांपासून लपवून ठेवला. जगातील एका बलाढ्य राष्ट्राच्या मंत्र्याच्या मुलीला जे उघड करणे जड गेले, ते आपल्या मुलींना जड जावे यात नवल नाही. परंतु ज्या भयापोटी त्या लपवितात ते किती खरे आहे, हे तरी पाहावे. आईला पहिल्या प्रकारचा मधुमेह असला तर तो मुलास होण्याचा संभव शंभरात तीन-चारांपलीकडे सहसा जात नाही. उलट चाळिशी-पन्नाशीत येणारा जो दुसरा प्रकार, तो घराण्यात कितीतरी अधिक उतरतो. मुलीच्या सुईची कसून चौकशी करणारे व्याहीबुवा स्वतः दोन गोळ्या घेत असतात, आणि त्यांच्या मुलाची साखर कोणी विचारीत नाही! मुलगा सडपातळ आहे, एवढे प्रमाणपत्र पुरेसे समजतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रमाणपत्राची किंमत दाखवून दिली आहे. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी १९९३ पासून जो अभ्यास चालविला, त्यात आपली बालके जन्मतःच वजनाने हलकी आणि तरी तुलनेने चरबीने भारी असल्याचे आढळले. तेव्हा काडीसारखा मुलगा म्हणजे निर्धास्त मुलगा, असे आपल्या लोकांना म्हणता येत नाही.

ज्या लॉरेन्स यांचा मी उल्लेख केला, त्यांनी १९३४ साली सुप्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांच्या सहकार्याने मधुमेहींची एक संस्था काढली. दोघेही मधुमेही, आणि दोघांनीही ते लपविले नाही. आपणांस नवी संस्था काढावयास नको, मंडळ आहेच. त्याच्यापाशी माझी मागणी दोन गोष्टींची आहे. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात पान मांडले की भाषण नको. सत्कार जेवणानंतर करावेत; श्रोते कमी राहिले तर वक्त्यांनी ते सोसावे. आणि वधूवर मेळाव्याच्या वेळी ज्यांना आपल्या दुखण्याविषयी सांगावयाचे असेल, त्यांना ते एखाद्या वडीलधाऱ्या भगिनीपाशी एकांतात सांगता यावे अशी सोय करावी. मग दोन्ही घरांनी मिळून डॉक्टरांना भेटावे. आमच्या सौ. या कामास बसावयास तयार आहेत. त्यांना मी विचारले नाही, त्यांनीच मला सांगितले.

ती मुलगी आज या मंडपात आहे आणि तिच्या अनुमतीनेच मी हे बोललो. आजच्या भोजनाची वेळ पत्रिकेवर साडेबारा छापली आहे, आणि समोरच्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. अध्यक्षमहाशयांचे समारोपाचे भाषण त्यांनी भोजनोत्तर करावे अशी त्यांना नम्र विनंती करून मी रजा घेतो.